पीक किती आणे?

सरकारचे म्हणणे होते, पीक सहा आण्यांहून अधिक आले आहे. शेतकऱ्यांचे म्हणणे होते, चार आणेसुद्धा धड नाही. या दोन-तीन आण्यांच्या फरकावरून १९१८ सालच्या उन्हाळ्यात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात अडीच महिने तंटा चालला. दावणीच्या म्हशी सोडून नेल्या गेल्या, घरातली भांडीकुंडी जप्त झाली, उभ्या पिकांवर सरकारी टाच आली आणि एक गृहस्थ स्वतःच्या माणसांच्या शेतातले कांदे काढले म्हणून तुरुंगात गेले. शाळेच्या पुस्तकात चंपारण, अहमदाबाद आणि खेडा अशी तीन नावे एका दमात येतात आणि एका दमात संपतात. पण खेड्याचे प्रकरण बाकीच्या दोहोंपेक्षा निराळे होते. तिथे समोर नीळवाला मळेमालक नव्हता, गिरणीमालकही नव्हता. समोर खुद्द सरकार होते आणि भांडण होते थकलेल्या शेतसाऱ्याचे.

त्या वेळी गुजरातचे ब्रिटिश जिल्हे आणि आपला महाराष्ट्र एकाच मुंबई इलाख्यात होते. पुणे, सातारा, सोलापूर इथे जो महसुलाचा कायदा होता तोच खेड्यात. तलाठी तोच, मामलेदार तोच, जप्तीचा कागदही तोच. म्हणून ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

प्रथम आणेवारी म्हणजे काय ते पाहू. रुपयाचे आणे सोळा, म्हणून भरघोस पीक सोळा आणे. त्या मानाने यंदाचे पीक किती, हे आण्यांत सांगायचे. नियम असा होता की, पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब करावी. चार ते सहा आणे असेल तर निम्मी तहकूब करावी. तहकूब हा शब्द लक्षात घ्यावा. ही माफी नव्हे. आज देऊ नका, पुढे पीक बरे आले की द्या, एवढाच त्याचा अर्थ. खेड्याच्या शेतकऱ्यांनी मागितले ते एवढेच. सरकारचा एक पैसाही बुडवायचा असे त्यांनी कधी म्हटले नाही.

हे आणे मोजायचे कोणी? तलाठ्याने नजरेने अंदाज करायचा, वरच्या अंमलदाराने तपासायचा, मामलेदाराने पुढे पाठवायचा. ज्याने नांगर धरला त्याला या मोजणीत जागा नव्हती. माझे आजोबा गावचे मुलाणी. बलुते मिळायचे ते खळ्यावर, सुगी झाल्यावर. त्यामुळे पीक किती आणे आले याची चौकशी सरकारच्या आधी आमच्या घरात होत असे. आजोबा म्हणत, तलाठी बांधावरून पाहतो आणि आम्ही पेंढी हातात घेऊन पाहतो, मग दोघांचे आणे जुळणार कसे? सारा तहकूब झाला तरी बलुतेदाराच्या पदरात काही पडत नसे, हेही इथे सांगून ठेवतो. पीक बुडाले की तो बुडालाच. सवलतीच्या कागदावर त्याचे नाव नसे.

आणखी एक गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. आपली वसुलीची सगळी भाषा बाहेरून आलेली आहे. महसूल, वसूल, तहसील, जप्ती, तगाई, तहकुबी हे शब्द अरबीतून फारसी दफ्तरात आणि तिथून आपल्या चावडीत आले. लिलाव पोर्तुगीजांचा. थकबाकी या शब्दात मात्र निम्मा वाटा आपला आहे. बाकी अरबी, थकलेला माणूस मराठी. आणि दंड म्हणून साऱ्याच्या पावपट जी रक्कम चढवायची तिला म्हणत चौथाई. हा शब्द गुजरातच्या शेतकऱ्याने त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठी घोडेस्वारांच्या तोंडून ऐकला होता. तो त्याने विसरला नव्हता, आणि त्याबद्दल आपण त्याला दोष देऊ शकत नाही.

आता १९१७ सालाकडे वळू. खेडा जिल्हा, विशेषतः त्यातला चरोतर हा भाग, म्हणजे गुजरातची बाग. तंबाखू, बाजरी, भात, कापूस आणि दूधदुभते. त्या वर्षी पाऊस पडला तो नेहमीच्या दुपटीहून अधिक, आणि थांबायच्या वेळी थांबला नाही. खरीप कुजून गेले. रब्बीवर भिस्त होती, तर उंदरांनी आणि रोगाने तेही खाल्ले. जिल्ह्यात प्लेगची साथ होती, लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत होते. युरोपात महायुद्ध चालू असल्यामुळे रॉकेल, मीठ, कापड यांचे भाव चढलेले. अशा वेळी साऱ्याचा हप्ता दाराशी आला.

कठलाल नावाच्या गावचे मोहनलाल पंड्या आणि शंकरलाल परीख यांनी हालचाल सुरू केली. नोव्हेंबरात सरकारकडे अर्ज गेला. मग गावोगावच्या सह्यांचे अर्ज गेले. कायदेमंडळाचे सभासद विठ्ठलभाई पटेल आणि गोकुळदास पारेख कलेक्टरला भेटले. अहमदाबादच्या गुजरात सभेने सरकारला लिहिले आणि उत्तर येईपर्यंत सारा भरू नका असा सल्ला शेतकऱ्यांना दिला. या सभेचे अध्यक्ष गांधीजी होते. सरकारने सल्ला देणाऱ्यांनाच दम भरला. सुमारे सहाशे गावांपैकी एका गावात पूर्ण आणि शंभराच्या आसपास गावांत निम्मी तहकुबी मिळाली. बाकी सर्वत्र पीक ठीक आहे, असा निकाल.

इथे एखादा म्हणेल, मग कोर्टात का गेले नाहीत? जाता येत नव्हते म्हणून. १८७६ साली मुंबई सरकारच्या महसुली बाबी दिवाणी कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा झाला होता. सारा किती आकारला, तो तहकूब का केला नाही, असा दावा शेतकऱ्याला लावता येत नसे. दाद मागायची ती ज्याने अंदाज केला त्याच्या वरच्या साहेबाकडे, त्याच्याही वर कमिशनरकडे, आणि शेवटी सरकारकडे. वसुली करणारा, हिशेब मांडणारा आणि निवाडा देणारा एकच. साधा वाणी उधारीसाठी कोर्टात जातो तेव्हा त्याला आपली वही दाखवावी लागते. सरकारला ती दाखवावी लागत नव्हती.

हे दुखणे आपल्याकडच्या लोकांना ठाऊक होते. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून नेमका हाच मुद्दा धरला होता. दुष्काळासाठी सरकारनेच केलेले नियम मराठीत समजावून सांगायचे आणि शेतकऱ्याला म्हणायचे की, पीक बुडाले असेल तर गुरेढोरे विकून किंवा कर्ज काढून सारा भरू नकोस. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवली. त्यांतल्या प्राध्यापक साठ्यांवर पेण येथे खटला झाला. पुढे सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. म्हणजे सरकारचा नियम सरकारच्याच प्रजेला वाचून दाखवणे हा आगळीक ठरण्याजोगा प्रकार होता. खेड्यात वीस वर्षांनी तेच घडत होते.

खेड्याच्या चौकशीतही पुण्याचा हात होता. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर (पुढे ठक्करबाप्पा म्हणून देशाला माहीत झालेले) यांनी जिल्ह्यात फिरून पाहणी केली. मग गांधीजी आणि त्यांचे वीसएक सहकारी सव्वाचारशे गावे फिरले. शेतकऱ्यांना विचारले, शक्य तिथे पीक प्रत्यक्ष पाहिले. निष्कर्ष निघाला की बहुतेक गावांत पीक चार आण्यांहून कमी आहे. गांधीजींनी सरकारला सांगितले, तुमचा अंदाज आणि आमचा अंदाज जुळत नाही, तर निःपक्षपाती पंच नेमा. त्याचा निकाल आम्ही मानू. सरकारने नकार दिला. आपल्या महसूल खात्याचा आकडा बाहेरच्या माणसाने तपासायचा, ही कल्पनाच त्याला सोसणारी नव्हती. माझ्या मते सगळ्या तंट्याचे मर्म या नकारात आहे. काही लाखांच्या वसुलीचा प्रश्न कसाही मिटला असता. पंच नेमला असता तर आणे मोजण्याचा सरकारचा एकट्याचा अधिकार गेला असता, आणि तो एकदा गेला की पुन्हा परत येत नाही हे सरकारला पक्के कळत होते.

२२ मार्च १९१८ रोजी नडियादला सभा झाली आणि सत्याग्रह सुरू झाला. अहमदाबादचा गिरणी संप मिटून चारच दिवस झाले होते. नडियादच्या अनाथाश्रमात मुक्काम पडला. वल्लभभाई पटेल, शंकरलाल बँकर, अनसूयाबेन साराभाई, इंदुलाल याज्ञिक, महादेवभाई देसाई अशी मंडळी गावे वाटून घेऊन हिंडू लागली. वल्लभभाई तोवर अहमदाबादचे चलती असलेले बॅरिस्टर होते. क्लबात पत्ते खेळणारे, कडक कॉलरचे. ते या उन्हाळ्यात बैलगाडीत बसले ते कायमचेच.

शेतकऱ्यांनी जी प्रतिज्ञा केली तिच्यातले एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांच्यापाशी सारा भरण्याइतके पैसे आहेत, तेही भरणार नाहीत, असे ते कलम होते. कारण उघड आहे. गावातला सधन माणूस भरून मोकळा झाला की गरीब घाबरतो. मग तो म्हैस विकतो किंवा सावकाराकडे जातो. आणि सरकारने जिल्ह्यातली उरलेली वसुली तहकूब केली, तर पैसेवाले आपापला सारा लगेच भरतील, असेही त्यात लिहिलेले होते. कर चुकवणाऱ्यांची ही भाषा नाही. सुरुवातीला दोनशेच्या आसपास लोकांनी सह्या केल्या. महिन्याभरात आकडा दोन हजारांपलीकडे गेला. यात पुढाकार होता तो जमीनजुमला असलेल्या पाटीदारांचा, हेही खरे. कुळांचा आणि मजुरांचा आवाज या कागदपत्रांत फारसा ऐकू येत नाही.

सरकारच्या हातात १८७९ चा जमीन महसूल कायदा होता आणि त्यात थकबाकीदारासाठी पायऱ्या बांधून दिलेल्या होत्या. नोटीस. चौथाई. जंगम मालाची जप्ती आणि विक्री. मग जमीनच सरकारजमा. शेवटी अटक. या सर्वांत भयंकर ती जमीनजप्ती. सारा पाच-पंचवीस रुपयांचा, जमीन हजारांची. पण पाच रुपये थकले म्हणून ती सगळी सरकारजमा करता येत असे. जप्ती अंमलदार गावात आले की पहिली नजर दुभत्या म्हशीवर. कारण तिचे गिऱ्हाईक लगेच मिळते आणि घरात दूध मागणारे पोर असते. काही घरांनी भांडीकुंडी लपवली. काहींनी आपण होऊन जप्तीवाल्यांच्या हाताला लागतील अशा वस्तू पुढे मांडून ठेवल्या, म्हणजे वसुली तेवढ्यावर भागावी आणि आपल्या हाताने भरण्याची वेळ येऊ नये. काहीजण मोडले आणि गुपचूप भरून आले. अडीच महिने दोन हजार घरे एकसारखी ताठ उभी राहतील अशी अपेक्षा कोणी धरू नये.

१२ एप्रिलला कमिशनर प्रॅट स्वतः नडियादला आले आणि त्यांनी शेतकऱ्यांची सभा घेतली. गांधीजी गेले नाहीत, वल्लभभाई हजर होते. प्रॅटसाहेबांच्या बोलण्याचा सारांश असा : गांधी सज्जन आहेत, पण महसुलाच्या कामात त्यांना अनुभव नाही. सारा किती घ्यायचा आणि कधी तहकूब करायचा हे ठरवणे फक्त सरकारचे काम. वकील-बॅरिस्टरांचे नव्हे आणि कोर्टाचेही नव्हे. जमीन गेली तर ती तुमची जाईल, पुढाऱ्यांची नाही. आणि गेलेली जमीन परत मिळणार नाही. साहेब खोटे बोलत नव्हते. कायदा तसाच होता, आणि जमीन शेतकऱ्याचीच जाणार होती. म्हणून तर त्या भाषणानंतर बसून राहिलेल्या माणसांचे मला नवल वाटते.

कांद्याची गोष्ट याच काळातली. एका शेतातल्या उभ्या कांद्यावर जप्ती आली. गांधीजींच्या मते ती चुकीची होती. कांदा वेळेवर काढला नाही तर तो जमिनीतच सडतो. सरकारला त्याचा उपयोग नाही आणि शेतकऱ्यालाही नाही. त्यांनी मोहनलाल पंड्यांना तो काढून आणायला सांगितले. पंड्या आणि काही सोबती गेले, कांदा काढला आणि पकडले गेले. खटल्याला कोर्टासमोर गर्दी लोटली. थोड्या दिवसांची सजा झाली. लोक मिरवणुकीने त्यांना तुरुंगापर्यंत पोचवायला गेले आणि त्या दिवसापासून मोहनलाल पंड्यांना ‘डुंगळी चोर’ ही पदवी मिळाली. डुंगळी म्हणजे कांदा. ही पदवी त्यांनी जन्मभर मिरवली. रावबहादूर, खानबहादूर या पदव्या वाटणाऱ्या सरकारला ही एक पदवी मात्र देता आली नसती.

शेवट कसा झाला, हे सांगायला हवे, कारण तो गोड नाही. जूनच्या आरंभी नडियादच्या मामलेदाराने कळवले की, ज्यांची ऐपत आहे त्यांनी सारा भरला तर गरिबांची वसुली तहकूब होईल. गांधीजींनी विचारले, हे साऱ्या जिल्ह्याला लागू आहे का? कलेक्टरने उत्तर दिले, आहे. आणि तसे हुकूम मामलेदारांना २५ एप्रिललाच दिलेले आहेत, २२ मे रोजी पुन्हा दिलेले आहेत. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे हा हुकूम कचेरीत होता आणि ज्यांच्यासाठी होता त्यांना ठाऊक नव्हता. या सहा आठवड्यांत जी म्हैस गेली, जे भांडे गेले, ते कोणत्या खात्यात मांडायचे? २५ एप्रिल या तारखेलाही अर्थ आहे. व्हाइसरॉयने दिल्लीला युद्धपरिषद बोलावली होती, ती दोनच दिवसांनी सुरू व्हायची होती. सरकारला सैन्यासाठी माणसे हवी होती. खेड्यातला तंटा मिटवायचा होता, पण मिटवला असे दिसू द्यायचे नव्हते.

६ जूनला लढा संपल्याचे जाहीर झाले. चौथाईही सुटली. पण तोवर बराचसा सारा वसूल झालेलाच होता. गांधीजींनी आत्मचरित्रात या शेवटाबद्दल समाधान दाखवलेले नाही. गरिबांना सवलत मिळाली, पण गरीब कोण हे ठरवणे पुन्हा अंमलदाराच्याच हातात राहिले, आणि लोकांना आपला हक्क तिथे बजावता आला नाही, ही त्यांची खंत आहे. म्हणजे आणे कोणी मोजायचे हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे उरला, आता फक्त गरिबी मोजायची होती. याचे उत्तर सुरत जिल्ह्यात, बारडोलीत, १९२८ साली मिळाले. तिथे वल्लभभाईंनी साऱ्याच्या वाढीविरुद्ध लढा दिला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दहा वर्षांपूर्वी नाकारलेली चौकशी ती हीच.

खेड्याचा एक पुढचा प्रसंग लोक सहसा सांगत नाहीत. लढा संपताच गांधीजी त्याच जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरू लागले. सारा न भरण्यासाठी हिंडत होते तेव्हा गावकरी हौसेने बैलगाडी देत, पैसे घेत नसत. आता भाडे देऊनही गाडी मिळेना. ती मंडळी दिवसाला वीस-वीस मैल पायी चालत, खाणे बरोबर बांधून घेऊन. सहा आठवड्यांपूर्वी म्हैस गमावलेला शेतकरी सरकारच्या लढाईसाठी मुलगा द्यायला तयार नव्हता. गांधीजी सांगत होते तरीही नव्हता.

१९५७ साली देशात दशमान नाणी आली, आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत थकबाकीच्या वसुलीच्या पायऱ्या बऱ्याच अंशी त्या जुन्याच आहेत. साऱ्याच्या पावपट दंडसुद्धा. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गावाला सवलती, ही रीत महाराष्ट्रात अनेक वर्षे चालली. २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ ठरवण्याची नवी नियमावली केली. त्यानंतर पावसाचा खंड, जमिनीतील ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष पुढे आले. पैसेवारी तरीही गावोगाव जाहीर होते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. ती ठरवणाऱ्या गावच्या समितीत आता तलाठ्याबरोबर सरपंच आणि शेतकरीही बसतात, आणि आकडा मान्य नसेल तर हरकत नोंदवता येते.